मुक्कामाची गाडी : प्रोटॉन उपचाराबद्दल कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चोवीस वर्षं मुंबईत रेडिएशनच्या मशीनवर टेक्निशियन होतो. निवृत्त होऊन गुहागर तालुक्यात घरी आलो तेव्हा वाटलं, आता नारळ-सुपारी बघायची. पण 'हा शेकवाल्या खात्यात होता' (कॅन्सरवरच्या किरणांच्या उपचाराला, रेडिएशनला, आपल्याकडे शेक म्हणतात) हे एकदा गावात कळलं, आणि दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुणाचा ना कुणाचा फोन यायला लागला. अलीकडे त्या फोनांत एक नवा शब्द आलाय, प्रोटॉन. व्हॉट्सॲपवर कुणीतरी काहीतरी पाठवलेलं असतं आणि पहिलाच प्रश्न येतो, "काका, कलमांची बाग विकायला काढायची का?" तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून इथे लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही. तुमच्या पेशंटचा निर्णय त्याची फाइल बघितलेला डॉक्टरच करणार.

प्रोटॉन म्हणजे शेकच ना? मग त्यात वेगळं काय?

हो, शेकच. नेहमीच्या मशीनमधून एक्स-रे निघतात, इथे प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनच्या अणूच्या गाभ्यातला कण सोडतात. फरक आहे तो थांबण्यात.

एसटीचं उदाहरण देतो. एक्स-रे म्हणजे लांब पल्ल्याची गाडी. कातडीच्या जरा आत शिरल्यावर सगळ्यात जास्त माणसं उतरतात, मग पुढच्या प्रत्येक थांब्यावर थोडी थोडी. तुमची गाठ हा मधला एक थांबा. गाडी तिथे माणसं उतरवते, पण तिथे थांबत नाही. पलीकडच्या गावांतही माणसं सोडत शरीराच्या दुसऱ्या बाजूने निघून जाते. प्रोटॉन ही मुक्कामाची गाडी. वाटेत काहीजण उतरतात, पण बहुतेक सगळे शेवटच्या गावाला, आणि तिथून पुढे गाडीच नाही. रात्री तिथेच वस्ती. शेवटी होणाऱ्या या गर्दीला ब्रॅग पीक म्हणतात.

गाडी कुठल्या गावी मुक्काम करणार हे प्रोटॉनच्या वेगावर ठरतं. २३० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचं माप) ऊर्जेचा प्रोटॉन प्रकाशाच्या साधारण ६० टक्के वेगाने निघतो आणि पाण्यात ३० सेंटिमीटरच्या थोडा पुढे जाऊन थांबतो. शरीर बरंचसं पाण्यासारखंच, त्यामुळे वेग कमी केला की कण अलीकडे थांबतो. हल्लीच्या मशीनमध्ये पेन्सिलच्या टोकाएवढा झोत चुंबकांनी इकडेतिकडे वळवतात आणि गाठीचा एकेक थर ठिपक्याठिपक्याने भरत नेतात. रांगोळीचे ठिपके काढावेत तसं, फक्त एकाखाली एक असे कितीतरी थर.

कल्पना जुनी आहे. रॉबर्ट विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने ती १९४६ मध्ये मांडली, १९५४ मध्ये बर्कलीला पहिला रुग्ण झाला आणि १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा इथे रुग्णालयातलं पहिलं केंद्र निघालं. म्हणजे कुणी 'परवाच शोध लागला' म्हणून सांगत असेल, तर तो दुसरं काहीतरी विकतोय.

म्हणजे प्रोटॉन जास्त जालीम?

नाही. गाठीवर त्याचा मारा एक्स-रेच्या जवळपास सारखाच पडतो. हिशेब करताना साधारण १० टक्के जास्त धरतात, एवढंच. प्रोटॉनचा फायदा गाठीत शोधू नका, गाठीच्या पलीकडे शोधा. पलीकडे जपण्यासारखं काही असेल तर फायदा, नसेल तर बाग काढण्यात अर्थ नाही.

बाबांना गालाचा कॅन्सर आहे. त्यांना प्रोटॉन मिळेल का?

मला येणाऱ्या दहातले सहा-सात फोन हेच असतात. मिश्री, तंबाखू, मावा. आपल्याकडच्या तोंडांची कथा वेगळी सांगायला नको.

गालाच्या आणि जबड्याच्या कॅन्सरला बहुतेक वेळा आधी ऑपरेशन, आणि गरज असेल तर नंतर शेक. हा शेक नेहमीच्या मशीनवर, झोताचा जोर जागेजागी कमी-जास्त करणाऱ्या आयएमआरटी नावाच्या पद्धतीने, उत्तम देता येतो. गाल ही एका बाजूची, कातडीजवळची जागा. तिथे प्रोटॉनने काही वाचत नाही असं नाही, पण त्यासाठी चार आठवडे वाट बघणं मला पटत नाही. ऑपरेशननंतरचा शेक सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा. माझ्या ओळखीतल्या एका घराने 'प्रोटॉनच घेऊ' म्हणून चौकशांत अडीच महिने घालवले. तोवर टाक्यांच्या कडेला पुन्हा गाठ उठली होती. जवळ मिळणारं, वेळेत होणारं साधं रेडिएशन हा दुय्यम उपचार नव्हे.

याला अपवाद आहेत. एकदा शेक होऊन गेलाय आणि त्याच जागी आजार उलटला, तर प्रोटॉनबद्दल जरूर विचारा. पहिल्या वेळी आजूबाजूच्या भागाने, विशेषतः मज्जारज्जूने, आपला वाटा घेतलेला असतो. दुसऱ्या वेळी त्याला वाचवायचं तर थांबणारी गाडी कामाला येते.

मग खरा फायदा कुणाला?

सगळ्यात आधी लहान मुलांना. मेंदूतल्या मेड्युलोब्लास्टोमा या गाठीत मुलाच्या डोक्यासकट पूर्ण पाठीच्या कण्याला शेक द्यावा लागतो. मूल पालथं किंवा उताणं, झोत पाठीकडून. एक्स-रे असले की ते कण्यातून पुढे थायरॉइड, हृदय, आतडी असं सगळं ओलांडून जातात. प्रोटॉन मणक्याच्या पुढच्या कडेला थांबवता येतात. (वाढत्या वयाच्या मुलात मणका मुद्दाम पुरा धरतात, अर्धा मणका वाढला आणि अर्धा नाही तर पाठ वाकडी होते.) या मुलांना पुढे पन्नास-साठ वर्षं जगायचंय. सत्तरीच्या माणसाला ज्या दुष्परिणामाची काळजी करायला आयुष्य उरत नाही, तो मुलाला तिशीत गाठतो. शेकामुळे पुढे दुसरा कॅन्सर उद्भवण्याचा धोकाही मुलांतच जास्त.

त्यानंतर कवटीच्या तळाशी आणि कण्याजवळ होणाऱ्या कॉर्डोमा आणि काँड्रोसार्कोमा या गाठी. त्यांना जास्त डोस लागतो आणि शेजारी मेंदूचं देठ किंवा डोळ्याची नस असते. डोळ्यातला मेलानोमा, मेंदूतल्या काही सावकाश वाढणाऱ्या गाठी आणि नाकाच्या पोकळीतल्या काही गाठीही या यादीत येतात.

प्रोस्टेटबद्दल निवृत्त मंडळी फार विचारतात. आधुनिक एक्स-रे आणि प्रोटॉन यांची समोरासमोर तुलना करणाऱ्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल २०२४ मध्ये मांडला गेला. दोन वर्षांनंतर आतड्यांच्या तक्रारींत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मी माझ्यासाठी त्यावर पैसे घालणार नाही.

आजार फुप्फुसांत, हाडांत, यकृतात असा सगळीकडे पसरला असेल तर प्रोटॉनचा उपयोग नाही. शेक एका जागेचा असतो. हे फोनवर सांगताना मला अजूनही शब्द सापडत नाहीत.

हे मिळतं कुठे? कोकणात आहे का?

कोकणात आहे, म्हटलं तर. खारघर रायगड जिल्ह्यातच येतं. तिथे टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक हे संकुल आहे आणि त्यात प्रोटॉनचं केंद्र. मे २०२३ मध्ये त्याचं लोकार्पण झालं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिल्या रुग्णावर उपचार झाले. रुग्णाभोवती फिरणाऱ्या गँट्रीच्या तीन खोल्या आहेत. त्याआधी देशात फक्त चेन्नईला अपोलोचं केंद्र होतं, २०१९ पासून, ते खासगी.

परळची टाटा आणि खारघरची टाटा ही एकच संस्था. १९४१ मध्ये दोराबजी टाटा ट्रस्टने रुग्णालय काढलं, १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. नफा कमावण्यासाठी ते चालत नाही. म्हणजे सगळ्यांना सगळं फुकट, असं मात्र नाही.

थेट खारघरला जाऊन 'प्रोटॉन द्या' म्हणता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. आधी फाइल निघते, तपासण्या होतात, त्या आजाराचे सर्जन, रेडिएशनवाले आणि औषधवाले एकत्र बसून ठरवतात. जाण्याआधी मत हवं असेल तर टाटाशी जोडलेली 'नव्या' ही ऑनलाइन सेवा आहे. रिपोर्ट चढवले की तज्ज्ञांचं लेखी मत येतं. चिपळूणजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालयही टाटाबरोबर काम करत आलंय. उत्तर रत्नागिरीतल्या माणसाने पहिली चौकशी तिथे केली तर एक खेप वाचेल.

खर्च किती? बाग काढायची का?

थांबा. आधी पुढच्या ओळी वाचा.

खासगी केंद्रात खर्च दोन आकडी लाखांत जातो. महाग का, तर प्रोटॉनला वेग देणारं सायक्लोट्रॉन दोनशे टनांच्या वर असतं, गँट्री शंभर टनांच्या आसपास, आणि भोवतीच्या काँक्रीटच्या भिंती काही ठिकाणी दोन मीटरहून जाड. त्या शंभर टनांनी तुमच्याभोवती फिरून मिलिमीटरपर्यंत नेम धरायचा असतो.

टाटात जनरल आणि प्रायव्हेट असे वर्ग असतात. फाइल काढताना वर्ग निवडावा लागतो आणि पुढचं बिल त्यावर ठरतं. 'जनरलमध्ये डॉक्टर बघत नाहीत' या समजुतीने लोक प्रायव्हेट घेतात आणि दुसऱ्या महिन्यात बदलून मिळेल का म्हणून फिरतात. डॉक्टर तेच असतात.

पैशासाठी पहिला माणूस समाजसेवा विभागातला. लाज बाळगू नका. त्यांचं ते कामच आहे. ट्रस्टना अर्ज, मुख्यमंत्री आणि पंतप्रधान साहाय्यता निधी, सगळं तिथून मार्गी लागतं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तुमच्या आजाराचं आणि उपचाराचं पॅकेज बसतं का, ते आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, नेमकं उपचाराचं नाव घेऊन विचारा. 'कॅन्सर योजनेत आहे ना?' असं विचारलंत तर तो हो म्हणेल, आणि ते उत्तर खरंही असेल आणि निरुपयोगीही.

इतर धर्मादाय रुग्णालयांत जात असाल तर एक कायदा माहीत असू द्या. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१कक खाली १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जाण्याआधीच काढा. पेशंट मुंबईत आणि दाखल्यासाठी भाऊ मंडणगडला, असं होतं नाहीतर.

सोबत काय न्यायचं?

बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (गाठीचा काढलेला तुकडा ज्यात बसवतात ते). रिपोर्टचा कागद पुरत नाही, मोठ्या रुग्णालयात पुन्हा तपासतात. ब्लॉक तुमचा हक्काचा असतो. लॅबकडून लेखी पोच देऊन घ्या. माझ्या चुलतभावाचे ब्लॉक एका लॅबने 'सापडत नाहीत' म्हणून तीन आठवडे लटकवले, आणि शेवटी सापडले ते दुसऱ्याच्या नावाच्या पाकिटात. सीटी-एमआरआयची सीडी, नुसत्या फिल्म नव्हेत. ऑपरेशनची टीप, डिस्चार्ज कार्ड. आधी शेक झाला असेल तर कुठल्या भागाला, किती डोस, किती दिवस, आणि जमलं तर त्या प्लॅनची संगणकीय प्रत. ही प्रत नसेल तर दुसऱ्यांदा शेक देणारा डॉक्टर अंधारात चाचपडतो.

तोंडाचा किंवा घशाचा शेक असेल तर आधी दातांच्या डॉक्टरकडे. किडलेला दात शेकाआधी काढतात. नंतर काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो.

जायचं कसं, राहायचं कुठे?

दादरला उतरून परत मागे येऊ नका. तुतारी, कोकणकन्या, मांडवी, जनशताब्दी या सगळ्या पनवेलला थांबतात. पनवेलहून लोकलने खारघर तिसरं स्टेशन. उपचाराला जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सूट आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. एसटीतही सवलत आहे, पण पोटात नळी घातलेल्या माणसाला महामार्गावरून नेऊ नका, एवढंच म्हणेन.

राहण्याचा प्रश्न उपचाराएवढाच मोठा. पाच-सात आठवडे, आठवड्याचे पाच दिवस रोज जावं लागतं, रत्नागिरीहून येऊन-जाऊन होत नाही. मुलांसाठी सेंट ज्यूड संस्थेची खारघरला निवासाची सोय आहे. मोठ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा वर्षानुवर्षं टाटाच्या रुग्णांचा आधार आहे, मात्र तिथून रोज खारघर म्हणजे लोकलचा दीडेक तास. खारघर, कामोठे, कळंबोलीत आपल्या गावचा कुणी ना कुणी निघतोच. त्याला आधी फोन करा. एक महिना चुलत्याच्या मेहुण्याकडे काढण्यात कसला कमीपणा?

रोज नेमकं काय होतं? दुखतं का?

दुखत नाही. दिसत नाही, वासही येत नाही. काहींना शेवटी विचारावं लागतं, "झालं?"

सुरुवातीला मोल्ड रूम. डोक्या-मानेचा उपचार असेल तर प्लास्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात. गरम पंचा तोंडावर टाकल्यासारखं वाटतं, काही मिनिटांत ती कडक होते. हा तुमचा मास्क, रोज तोच. त्या दिवशी दाढी-मिशा जशा असतील तशाच पुढे ठेवा. मग सीटी स्कॅन आणि मग प्लॅनिंग. त्याला एक-दोन आठवडे लागतात आणि तेवढ्यात घरचे वैतागतात. मधल्या काळात डॉक्टर आणि डोसचा हिशेब करणारे फिजिसिस्ट त्या मुक्कामाचं गाव ठरवत असतात. दहा सेंटिमीटर खोल गाठीसाठी तीन-चार मिलिमीटरची सूट तरी धरावीच लागते.

रोजच्या वेळी खोलीत अर्धा तास जातो, त्यातला झोत दोन-चार मिनिटांचा. बाकी वेळ तुम्हाला नेमकं जागेवर आणण्यात. सायक्लोट्रॉन एकच आणि खोल्या अनेक, म्हणून मास्क बांधून झाल्यावरही झोताची पाळी येईपर्यंत थांबावं लागतं. बाहेर कॅमेरा असतो, बोलणं ऐकू येतं, हात वर केलात तर झोत बंद करतात. अगदी लहान मुलांना भूल देतात, त्यामुळे त्यांना रोज सकाळी उपाशी ठेवावं लागतं. आईची खरी परीक्षा तिथे असते.

वजन आणि सर्दी, या दोन गोष्टी लपवू नका. वजन उतरलं की कातडी ते गाठ हे अंतर बदलतं. नाकाच्या पोकळीत शेंबूड साठला तर जिथे हवा धरली होती तिथे पाणी आलं, आणि गाडी अलीकडेच थांबली. एक्स-रेला हे बरंचसं चालून जातं, प्रोटॉनला नाही. म्हणून मध्ये मध्ये पुन्हा स्कॅन करतात; त्याचा अर्थ काहीतरी बिघडलं असा नव्हे.

गणपतीनंतर सुरू केलं तर चालेल का?

दरवर्षी जुलैत हा फोन येतो. एप्रिलमध्ये 'आंबा उतरू दे' असतो.

सुरू व्हायच्या आधी दोन-चार दिवस इकडेतिकडे चालतील का, ते डॉक्टरांना विचारा. एकदा सुरू झालं की खाडा नाही. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये उपचार एक दिवस लांबला की गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण १ टक्क्याने घटते. पाच दिवस गावी, दोन दिवस प्रवास, करा हिशेब. मशीन बंद पडलं तर भरपाई कशी करायची ते डॉक्टर बघतात, तुम्ही आपणहून सुट्टी घेऊ नका. गणपती भावाने आणावा. बाप्पा पत्ता बघून रागावत नाही.

मासे चालतील का?

चालतील, आणि खाच. शेकाच्या काळात शरीराला प्रथिनं लागतात आणि कोकणातल्या माणसाला ती माशाइतकी दुसऱ्या कशातून गोड लागत नाहीत. नीट शिजवलेला, काटे काढलेला, तिखट कमी. तोंड-घशाचा शेक असेल तर तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येतं. मग मऊ भात, पेज, मुगाचं कढण, अंडं, दूध. कोकम, कैरी, लिंबू झोंबतं. सोलकढी तेवढे दिवस दुसऱ्याच्या ताटात बघायची. गिळता येत नसेल आणि डॉक्टर नाकातून नळी म्हणाले तर घाबरू नका. ती काही आठवड्यांची पाहुणी असते. कुणाच्या सांगण्यावरून गोमूत्र, गुळवेलाचा काढा, 'साखर बंद' असलं काही मनाने सुरू करू नका. वजन त्यातच जातं.

केस जातात? कातडी जळते?

केस फक्त झोत शिरतो तिथले. कातडी लाल होते, सोलवटतेही. प्रोटॉनने कातडी वाचते असा समज आहे, तो चुकीचा. काही वेळा कातडीला नेहमीच्या मशीनपेक्षा जास्तच लागतं. खोबरेल तेल शेकायच्या आधी लावू नका. थकवा सगळ्यांनाच येतो.

घरी तान्हं बाळ आहे. पेशंटच्या अंगातून किरण येतात का?

नाही. झोत बंद झाला की संपलं. शेकलेल्या जागी काही अणू थोडा वेळ किरणोत्सारी होतात खरे, पण ऑक्सिजनचा तो प्रकार दोन मिनिटांत निम्मा होतो आणि कार्बनचा वीस मिनिटांत. कपडे बदलून रिक्षापर्यंत येईतो बोलण्यासारखं काही उरत नाही. नातवंडाला मांडीवर घ्या. वेगळं ताट, वेगळी खोली, असलं काही लागत नाही.

उपचार संपल्यावर मास्कचं काय करायचं?

मागितलात तर देतात. मुलं त्यावर रंग काढतात. काहीजण तिथेच टाकून मागे न बघता निघतात. हर्णैच्या एक मावशी होत्या माझ्या मशीनवर, घशाच्या. पहिल्या दिवशी मास्कला इतक्या घाबरल्या की दोनदा उठून बसल्या. शेवटच्या दिवशी तो पिशवीत घालून घेऊन गेल्या. वर्षभराने तपासणीला आल्या तेव्हा मी विचारलं, मास्क ठेवलाय का? म्हणाल्या, काठीला बांधून परसात दुधीच्या मांडवावर लावलाय, त्या दिवसापासून एक माकड फिरकलं नाही.